'हे म्हटलेलं चालेल ना?'

'कॉल अ स्पेड अ स्पेड', म्हणजे जे आहे ते आडपडदा न ठेवता बोलणं, ही म्हण रेसिस्ट आहे की नाही यावरून मी चांगली समजूतदार माणसं हमरीतुमरीवर आलेली बघितलीयेत. एक जण म्हणतो, अरे स्पेड म्हणजे फावडं, त्यात काय आलंय एवढं, आणि दुसरा म्हणतो की अमेरिकेत काळ्या माणसाला हिणवायला हाच शब्द वापरायचे, तुला माहीत नाही म्हणून तो धुतल्या तांदळासारखा होत नाही. पंचाईत अशी की दोघंही बरोबर आहेत. मुळात ही ग्रीक म्हण, अंजिराला अंजीर म्हणावं आणि परातीला परात म्हणावं अशा अर्थाची. सोळाव्या शतकात डच विद्वान इरॅस्मसने ती प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्ककडून लॅटिनमध्ये आणली तेव्हा परातीच्या जागी खोदायचं अवजार आलं, आणि १५४२ मध्ये निकोलस युडॉलने इरॅस्मसचं इंग्रजी केलं तिथून 'स्पेड' रूढ झाला. यात कुणाच्या कातडीचा काहीही संबंध नव्हता. पत्त्यांतल्या इस्पिकावरून काळ्या माणसाला 'स्पेड' म्हणायची रीत अमेरिकेत आली ती १९२० च्या दशकात, म्हणजे म्हणीनंतर जवळजवळ चारशे वर्षांनी. म्हण निर्दोष, पण तिच्यातला एक शब्द मधल्या काळात कुणीतरी शिवी म्हणून वापरून ठेवला. आता अशी म्हण एखाद्या कृष्णवर्णीय माणसासमोर सहज तोंडातून निघाली तर तिला कुठलं वय लावायचं, चारशेऐंशी वर्षांचं की शंभर वर्षांचं?

मी सबटायटल्स आणि वेबसाइट-अ‍ॅपमधला मजकूर तपासायचं काम करते. टीम सगळी ऑनलाइन, वेगवेगळ्या देशांतली, आणि हा प्रश्न माझ्याकडे सारखा येत असतो, बहुतेक वेळा चॅटवर, एका ओळीत, की हे म्हटलेलं चालेल ना? विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच हवं असतं कारण त्याला फाइल पुढे पाठवायची असते. आणि ते उत्तर शब्दाच्या उगमावरून ठरवायचं असं सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. उगम घाण निघाला तर शब्द बाद, बरा निघाला तर क्लीन चिट. या पद्धतीवरचा माझा विश्वास पार उडालाय. उगम शोधणं मला मनापासून आवडतं, तासभर कसा जातो कळत नाही, पण त्यातून निघणारं उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं असतं असं मला आता ठामपणे वाटतं.

'पिकनिक' घ्या. इंग्रजी बोलणाऱ्या जगात एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय, आधी ईमेलवर फिरायची, आता रील्समध्ये फिरते, की पिकनिक हा शब्द काळ्या माणसाला पकडून फासावर लटकवायच्या सोहळ्यावरून आला. हे साफ खोटं आहे. शब्द फ्रेंच आहे, 'पीक-नीक', सतराव्या शतकातला, आणि प्रत्येकाने आपापला वाटा आणून एकत्र जेवायचं असा त्याचा अर्थ, अमेरिकेतल्या लिंचिंगशी, म्हणजे जमावाने केलेल्या अशा हत्यांशी, त्याचा काही संबंध नाही. एवढं सांगून बरेच जण विषय संपवतात, 'फेक न्यूज आहे' म्हणतात आणि गोष्ट सांगणाऱ्याला वेड्यात काढतात. मला ते जमत नाही. कारण शब्दाची व्युत्पत्ती खोटी असली तरी गोष्टीतलं दृश्य खोटं नाहीये. १९१६ साली टेक्सासमधल्या वेको गावात सतरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलाला भर दिवसा जिवंत जाळलं, ते बघायला हजारो लोक जमले, त्यात बायका होत्या, लहान मुलं होती, फोटोग्राफरने फोटो काढले आणि त्या फोटोंची पोस्टकार्डं विकली गेली. हे एकच असं झालं असतं तरी पुरे होतं, पण इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह या संस्थेने १८७७ ते १९५० या काळातल्या अशा ४४०० च्या वर हत्यांची नोंद केलीय, आणि त्यांचं स्मारक २०१८ मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीत उभं राहिलं, तोवर देशभरातल्या एवढ्या माणसांसाठी असं एक मोठं स्मारक नव्हतं. ज्या समाजाच्या आठवणीत हे आहे आणि ज्याच्या आठवणीला इतकी वर्षं कुठे दगड लागला नाही, त्या समाजात ती आठवण एखाद्या रोजच्या शब्दाला जाऊन चिकटली तर मला त्यात मूर्खपणा दिसत नाही. शब्दकोशाच्या दृष्टीने ते चूक आहे. पण ती गोष्ट पुढे पाठवणाऱ्या बाईला जे सांगायचंय ते शब्दकोशाबद्दल नाहीच.

तरीही मी ती गोष्ट खरी म्हणून पुढे पाठवणार नाही, आणि इथे माझं चांगल्या हेतूच्या लोकांशी भांडण होतं. 'हे दहा शब्द आजपासून वापरू नका' असे लेख असतात ना, त्यांत अर्ध्या गोष्टी अशा कानगोष्टी असतात. खोट्या व्युत्पत्तीचं नुकसान असं की ती एकदा उघडी पडली की तिच्यासोबत खरी गोष्टही संशयित होते. 'बघा, हे लोक काहीही बनवतात' म्हणायला मोकळे. वेको बनवलेलं नाहीये, आणि त्याच्या पुराव्यासाठी पिकनिक या शब्दाची गरजही नाहीये.

'निटी-ग्रिटी' या शब्दाचं तर मला फार वाईट वाटतं. निटी-ग्रिटी म्हणजे एखाद्या कामाचे बारीकसारीक, खरे मुद्दे. २००२ मध्ये ब्रिटनचे मंत्री जॉन डेनम पोलिसांच्या संघटनेसमोर बोलत होते, त्यांनी हा शब्द वापरला आणि त्यांना सांगण्यात आलं की हा शब्द पोलिसांनी वापरला तर कारवाई होऊ शकते, कारण गुलामांच्या जहाजाच्या तळाशी उरलेल्या घाणीला तो म्हणायचे. या समजुतीला कसलाही आधार नाही. गुलामांची जहाजं बंद झाल्यावर कितीतरी दशकांनी, विसाव्या शतकात, हा शब्द पहिल्यांदा छापील सापडतो आणि तो सापडतो कुठे, तर कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीत, त्यांच्या संगीताच्या आसपास. म्हणजे ज्यांचा अपमान होईल म्हणून शब्द बंद करायला निघालो, तो त्यांनीच इंग्रजीला दिलेला! त्यांची भर पुसून टाकली आणि वर त्यांच्यावरच उपकार केल्यासारखं वागलो. इतक्या मजेदार, तोंडात खेळणाऱ्या शब्दाची निर्मिती ज्यांनी केली त्यांना निदान तिचं श्रेय तरी मिळायला हवं.

आता याच्या बरोबर उलटं. 'ग्रँडफादर्ड प्लॅन'. मोबाइल कंपन्या, सॉफ्टवेअरवाले, विमावाले सगळे वापरतात. नवे नियम आले पण जुन्या ग्राहकाला जुन्याच अटी चालू ठेवल्या तर तो ग्राहक ग्रँडफादर्ड. ऐकायला किती प्रेमळ आहे, आजोबांच्या पुण्याईने सवलत मिळाली असं वाटतं. या शब्दाबद्दल मला आजवर कुणीही 'चालेल ना' असं विचारलेलं नाही. आणि यादीतल्या सगळ्या शब्दांत ज्याचा उगम कागदोपत्री, तारखेसकट, निःसंशय वंशभेदाचा आहे तो हाच. अमेरिकेत १८७० मध्ये पंधरावी घटनादुरुस्ती झाली, वर्णावरून कुणाचा मताधिकार काढून घेता येणार नाही असं ठरलं. मग दक्षिणेतल्या राज्यांनी वर्णाचा उल्लेखच न करता तेच काम करायचे रस्ते काढले. लुइझियानाने १८९८ मध्ये नवी राज्यघटना केली, मत द्यायचं तर लिहिता-वाचता आलं पाहिजे किंवा मालमत्ता पाहिजे अशी अट घातली, आणि मग निरक्षर गरीब गोऱ्यांचं काय म्हणून त्यातच एक पळवाट ठेवली, की १ जानेवारी १८६७ ला किंवा त्याआधी ज्याला स्वतःला, ज्याच्या बापाला किंवा आजोबाला मताधिकार होता, त्याला ही अट लागू नाही. त्या तारखेला तिथल्या काळ्या माणसांना मताधिकार नव्हताच. त्यांतल्या बहुतेकांचे आजोबा कुणाच्या तरी मालकीचे होते. कायद्यात कुठेही काळा-गोरा हा शब्द नाही, आणि तरी १८९६ मध्ये ज्या राज्यात १ लाख ३० हजारांवर कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते तिथे १९०४ मध्ये राहिले १३४२. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा टायपो असेल असं वाटून दुसरीकडे जाऊन तपासला होता. सुप्रीम कोर्टाने १९१५ मध्ये ओक्लाहोमाच्या खटल्यात ही कलमं रद्द केली, पण शब्द राहिला, त्यातलं विष सुकून गेलं आणि तो बिलिंगच्या भाषेत येऊन बसला. २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या अपील कोर्टाने एका जमीन-बांधकामाच्या निकालात नमूद केलं की या शब्दाचा उगम बघता आम्ही तो वापरणार नाही.

मग हा शब्द ऐकून कुणी दुखावतं का? माझ्या अनुभवात नाही. ज्यांना त्याचा इतिहास माहीत आहे तेसुद्धा सहज वापरतात. उगमाच्या नियमाने गेलं तर हा सगळ्यात आधी बाद व्हायला हवा आणि स्पेडवाल्या म्हणीला काही धक्का लागायला नको, पण प्रत्यक्षात होतं उलटं. म्हणून म्हणते की उगमाच्या नियमात काहीतरी गडबड आहे.

'लाँग टाइम नो सी' हे तर आपल्याकडे सगळेच टाइप करतात, शाळेतला मित्र भेटला की पहिला मेसेज हाच. १९०० च्या आसपासच्या अमेरिकन लिखाणात हे वाक्य मूळनिवासी माणसाच्या तोंडी घातलेलं सापडतं, मोडकंतोडकं इंग्रजी दाखवायला. दुसरीकडे चिनीमध्ये 'हाव च्यू बू च्यान' असं शब्दाला शब्द जुळणारं वाक्य रोजच्या वापरात आहे, त्यामुळे ते चिनी स्थलांतरितांच्या इंग्रजीतून आलं असंही मानतात. म्हणजे हे एकतर कुणाची तरी केलेली नक्कल आहे किंवा एका भाषेने दुसरीला दिलेली भेट आहे, किंवा दोन्ही. यावर कायमचा निकाल लागेल असं मला वाटत नाही आणि तो लागावा म्हणून मी थांबूनही राहिलेले नाही. कुणाच्या बोलण्याची नक्कल करून हसायला हे वापरलं तर ते वाईट आहे, मित्राला वापरलं तर नाही, एवढं मला कळतं.

या सगळ्या विषयातलं सर्वात गाजलेलं प्रकरण वॉशिंग्टन डीसीतलं. जानेवारी १९९९. महापौर अँथनी विल्यम्स यांच्या कार्यालयातले डेव्हिड हॉवर्ड हे गोरे अधिकारी बजेटबद्दल बोलताना म्हणाले की हा पैसा मला 'निगर्डली' वापरावा लागणार आहे. निगर्डली म्हणजे कंजूसपणे, हात आखडून. हा शब्द स्कँडिनेव्हियन मुळातून आलेला, मध्ययुगापासून इंग्रजीत आहे, आणि 'एन'ने सुरू होणारी ती शिवी लॅटिनमधल्या काळ्या रंगाच्या शब्दावरून आलेली, दोघांचं रक्ताचं काहीही नातं नाही. पण ऐकणाऱ्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याला जे ऐकू आलं ते आलं, कुजबूज पसरली, आणि दहा दिवसांत हॉवर्ड यांनी राजीनामा दिला, महापौरांनी तो स्वीकारला. मग देशभर गदारोळ. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीचे त्या वेळचे अध्यक्ष ज्यूलियन बाँड यांनीच हॉवर्ड यांची बाजू घेतली, दुसऱ्याला शब्द कळला नाही म्हणून कुणाला आपली भाषा छाटायला लागू नये असं ते म्हणाले. शेवटी हॉवर्ड यांना परत बोलावलं गेलं.

राजीनामा घ्यायला नको होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण या प्रकरणात माझ्या लक्षात राहिलेत ते स्वतः हॉवर्ड. एवढं सगळं झाल्यावर ते काय म्हणाले, तर आपण सगळेच रंग न बघणारे झालो तर किती बरं असं मला पूर्वी वाटायचं, पण तो भाबडेपणा आहे, आणि गोऱ्या माणसाला तर विशेष, कारण रंग न बघणं गोऱ्यालाच परवडतं. ज्याची चूक नव्हती, ज्याची नोकरी गेली होती, त्या माणसाने हे म्हणणं! शब्दाचा अर्थ काय यात तो बरोबरच होता आणि तरी त्याने तिथे थांबून 'मी बरोबर होतो' एवढंच धरून ठेवलं नाही. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

ऐकणाऱ्याच्या बाजूबद्दल आपण बोलतच नाही. 'चालेल ना' हा प्रश्न नेहमी बोलणाऱ्याचा असतो, त्याला गोंधळ असतो की मी बोलू का. पण तसाच एक गोंधळ ऐकणाऱ्याच्या डोक्यातही असतो, आणि तो जास्त जड असतो, की हा आत्ता जे बोलला ते मला उद्देशून होतं का? मुद्दाम होतं का? मी काही म्हणू का, म्हटलं तर मलाच हळवी म्हणतील का?

२००१ मधली गोष्ट आहे. लास व्हेगासहून कॅन्सस सिटीला जाणारं साउथवेस्टचं विमान, दोन कृष्णवर्णीय बहिणी उशिरा चढल्या, बसायला जागा शोधत उभ्या होत्या, आणि तरुण गोऱ्या हवाईसुंदरीने माइकवर यमक जुळवून म्हटलं, 'ईनी मीनी मायनी मो, पिक अ सीट, वी गॉट्टा गो.' लोक हसले. त्या दोघींना आठवलं ते या गाण्याचं जुनं रूप, ज्यात दुसऱ्या ओळीत ती शिवी होती आणि जे अमेरिकेत कितीतरी वर्षं लहान मुलं राज्य कुणावर हे ठरवताना म्हणायची. हवाईसुंदरीचं म्हणणं होतं की मी हे जुनं रूप कधी ऐकलेलंच नाही, मी विशीतली आहे, मला वाघाच्या पायाचं बोट पकडायचं तेवढंच माहितीये. खटला झाला, २००४ मध्ये ज्युरीने विमान कंपनीच्या बाजूने कौल दिला. ज्युरीत सगळे गोरे होते.

मला ती मुलगी खोटं बोलत होती असं वाटत नाही. त्या बहिणीही खोटं बोलत नव्हत्या. एकाच वाक्यात एका पिढीला वाघ दिसतो आणि दुसऱ्या पिढीला तिच्या लहानपणी अंगावर फेकलेला शब्द ऐकू येतो, आणि विमानातली बाकीची माणसं हसतात. कोर्ट एवढंच ठरवू शकत होतं की भेदभाव करायचा हेतू होता का. हेतू नव्हता. पण सगळं विमान हसत असताना उभं राहायला लागलं, त्याचं काय करायचं हे कोर्टाचं कामच नव्हतं. ते काम कुणाचं तरी होतं. एक साधं 'माफ करा, मला हे माहीत नव्हतं' त्या दिवशी तिथल्या तिथे म्हटलं गेलं असतं तर पुढची तीन वर्षं वेगळी गेली असती असं मला राहून राहून वाटतं.

आमच्या टीममध्ये एक अमेरिकन सहकारी आहे, कृष्णवर्णीय, माझ्यापेक्षा वयाने बरीच मोठी. एकदा एका यादीवरून जोरात चर्चा चालली होती, ब्लॅकलिस्ट ठेवायचं की डिनायलिस्ट करायचं यावर, आणि सगळे हळूहळू बोलायचे थांबले आणि तिच्या चौकोनाकडे बघायला लागले. तिला आता बोलायलाच हवं अशी परिस्थिती झाली. ती म्हणाली, मला यात काहीच वाटत नाही, पण तुम्ही सगळे आत्ता माझ्याकडे बघताय ना, त्याचं मला वाटतंय. नंतर आम्ही दोघीच बोलत होतो तेव्हा तिने सांगितलं की दिवसात अशा किती गोष्टी कानावर पडतात, त्यातल्या कशाला उत्तर द्यायचं आणि काय सोडून द्यायचं हे मला रोज ठरवावं लागतं, आणि बहुतेक सोडूनच देते, कारण प्रत्येकाला उत्तर देत बसले तर काम कधी करू. आणि मग लोकांना वाटतं की मी काही म्हटलं नाही म्हणजे चालतं. हे तिने अजिबात चिडून सांगितलं नव्हतं. बँकेचं काम सांगावं तसं सांगितलं, त्यानेच मला जास्त लागलं.

ब्लॅकलिस्टचं म्हणाल तर तो शब्द सतराव्या शतकातला आहे आणि काळा म्हणजे वाईट हे समीकरण अनेक भाषांत रात्र आणि अंधारावरूनही आलेलं असतं. मराठीत तर 'काळ्या दगडावरची रेघ' म्हणजे न पुसणारं सत्य. ब्रिटनच्या सायबर सुरक्षा केंद्राने २०२० मध्ये अलाउ लिस्ट, डिनाय लिस्ट असे शब्द घेतले, आम्हीही घेतले, मला ते आवडतात कारण वाचल्यावर लगेच कळतं कशाला परवानगी आहे नि कशाला नाही. यापेक्षा जास्त भांडण्यासारखं त्यात मला काही दिसत नाही. मास्टर-स्लेव्ह हे मात्र वेगळं. दोन मशीनपैकी एक हुकूम देतं आणि दुसरं पाळतं, याला मालक आणि गुलाम म्हणायचं, यात व्युत्पत्ती शोधायला कुठे जावं लागत नाही, शब्द स्वतःच सगळं सांगतोय. तो बऱ्याच ठिकाणांहून गेला ते चांगलंच झालं.

आणि एक प्रकरण असं आहे ज्यावर मला अजून उत्तर मिळालेलं नाही. ऑगस्ट २०२०, पोलिसाच्या हातून मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येला तीन महिनेही झाले नव्हते, सगळं वातावरण पेटलेलं. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात झूमवर बिझनेस कम्युनिकेशनचा वर्ग चालू होता. प्राध्यापक सांगत होते की बोलताना आपण मध्येमध्ये 'अं, म्हणजे' असं करतो तसं चिनी लोक 'नेइगा, नेइगा' म्हणतात. चिनी बोलणाऱ्या कुणाच्याही शेजारी दोन मिनिटं उभं राहा, हा शब्द ऐकू येतोच. काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना त्यात शिवी ऐकू आली, त्यांनी तक्रार केली, प्राध्यापकांना त्या कोर्सवरून बाजूला केलं गेलं. पुढे चौकशीत त्यांनी काही गैर केलेलं नाही असंच निघालं. दरम्यान तिथले माजी चिनी विद्यार्थी त्यांच्या बाजूने उभे राहिले, त्यांनी पत्र लिहिलं. त्यांचं दुःख मला नीट समजतं. अब्जावधी वेळा रोज उच्चारला जाणारा त्यांचा शब्द, लहान मूल बोलायला शिकतं तेव्हापासूनचा, तो बाहेर उच्चारताना आता आजूबाजूला कोण आहे ते बघायचं? एका समाजाची जखम जपताना दुसऱ्या समाजाची भाषाच आरोपी झाली. प्राध्यापकांना बाजूला करणं चूक होतं असं मी म्हणेन. पण त्या आठवड्यात, त्या देशात, वर्गात बसलेल्या एखाद्या तरुण मुलाच्या काळजात तो आवाज ऐकून धस्स झालं असेल तर त्यालाही मी दोष देणार नाही. कान आधी ऐकतो, विचार नंतर येतो. त्या मुलाशी पाच मिनिटं कुणीतरी बसून बोलायला हवं होतं, त्याला खरं काय ते सांगायला आणि त्याचं काय झालं ते ऐकून घ्यायला. विद्यापीठाने त्याऐवजी पत्रक काढलं.

इथपर्यंत वाचून एखाद्याला वाटेल की हे सगळं अमेरिकेचं आहे, आपल्याला काय. म्हणून 'परायाह स्टेट' हा शब्द काढते. इंग्रजी बातम्यांमध्ये सारखा येतो, जगाने वाळीत टाकलेला देश या अर्थी, आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रंही सर्रास छापतात. परायाह म्हणजे परैयर. तमिळनाडूतल्या एका जातीचं नाव, जिला अस्पृश्य मानलं गेलं, नावाचं मूळ 'परै' या ढोलाशी जोडलं जातं. इंग्रजांनी जातीचं नाव उचललं आणि त्याचा अर्थच बहिष्कृत असा करून ठेवला, आणि आता जगात कुठलाही देश, कुठलाही पुढारी बदनाम झाला की त्याला एका जिवंत समाजाच्या नावाने हाक मारतात. आणि ही माणसं आहेत, शब्दकोशात संपलेली नाहीत. रेट्टमलै श्रीनिवासन यांनी १८९३ मध्ये मद्रासमध्ये नियतकालिक काढलं आणि त्याचं नाव मुद्दाम 'परैयन' ठेवलं, जे नाव तुम्ही शिवी केलंत तेच आम्ही मथळ्यावर छापतो म्हणून. पुढे हेच श्रीनिवासन डॉ. आंबेडकरांबरोबर लंडनच्या गोलमेज परिषदेत बसले होते. आपल्या समाजाचं नाव स्वतः अभिमानाने घेणं आणि दुसऱ्याने ते कचऱ्याच्या अर्थाने वापरणं यात केवढं अंतर आहे, आणि शब्द मात्र अक्षर न बदलता तोच. इथे उगमाचा प्रश्नच नाही, उगम स्वच्छ आहे, ढोलाचा आहे. घाण वापरात आहे.

आणि मराठीतल्या जातींच्या नावांच्या म्हणी? त्यातली एकही मी इथे उदाहरणालाही लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहेत. त्या म्हणणारा नेहमी म्हणतो, अहो ती नुसती म्हण आहे, तसं काही मनात नाही. मनात नसेल, मी विश्वास ठेवते. पण ज्याच्या आजोबाला ती म्हण तोंडावर ऐकवली गेली तो तुमच्या शेजारच्या टेबलावर बसलेला असतो आणि माझ्या सहकाऱ्यासारखाच रोज ठरवत असतो की आज बोलायचं की सोडून द्यायचं.

'हल्ली काही बोलायची सोयच राहिली नाही' हे वाक्य मला या विषयात सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं आणि त्याचा मला राग येतो. सोय राहिली नाही म्हणजे काय, तर आधी समोरचा गप्प बसायचा आणि आता तो बोलतो. कुणालाही एखाद्या शब्दावाचून जगणं अशक्य झालेलं मी पाहिलेलं नाही. भाषा एवढी मोठी आहे. हां, चुकून बोललेल्याला नोकरीवरून काढणं, त्याची बदनामी करणं, हे मला साफ अमान्य आहे आणि ते मी वर दोनदा लिहिलंय. पण 'अरे हे नको म्हणूस' आणि 'तुला नोकरीवरून काढतो' यांच्यामध्ये भरपूर जागा आहे, आपण त्या जागेत बोलायला शिकलो नाही एवढंच.

आमच्या टीमची शब्दांची एक फाइल आहे, ती आता अशी आहे. पिकनिक ठेवलाय. निटी-ग्रिटी ठेवलाय, मुद्दाम, आणि शेजारी तो कुणी दिला ते लिहिलंय. ग्रँडफादर्ड काढून तिथे 'जुन्या अटी कायम' केलंय, कुणी दुखावत नाही तरीही, कारण ते १३४२ मतदार मला विसरता येत नाहीत आणि 'जुन्या अटी कायम' ग्राहकाला जास्त चटकन कळतं. स्पेडवाली म्हण वाक्य बघून ठरवायची, माणसांबद्दलच्या वाक्यात नको. परायाहवर वाद चालू आहे. एक एडिटर म्हणतो की आपला प्रेक्षक युरोपातला आहे, त्यातल्या कुणाला या शब्दात जात दिसणार नाही, मग कशाला बदलायचा. मी म्हटलं चेन्नईतही लोक सबटायटल्स वाचतात, आणि युरोपातही तमिळ माणसं राहतात. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही, मी त्या ओळीत सध्या 'एकटा पडलेला देश' लिहून ठेवलंय.